हैदराबादचा प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहासकार : काही संज्ञांचा विचार

१

विसाव्या शतकातील आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास असा विषय निघाला की आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे व्हर्साय, जिनीव्हा, याल्टा ही नावे उभी राहतात. हा इतिहास दूरच्या राजधान्यांत घडला, तेथील दफ्तरांत साठला आणि तेथील विद्यापीठांत लिहिला गेला, अशी त्याची समजूत असते. आपल्या जिल्ह्याचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे सहसा मनात येत नाही.

ही समजूत किती अपुरी आहे हे दाखविण्यास दोन घटना पुरेशा आहेत. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे ज्या दिवशी सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, मुदखेड-निजामाबाद लोहमार्गावरील उमरी येथे हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर स्वातंत्र्यसैनिकांनी हल्ला करून तेथील रक्कम हस्तगत केली. त्याच वर्षी १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे 'हैदराबादचा प्रश्न' आला. दोन्ही घटनांमध्ये साडेसात महिन्यांचे अंतर आहे. स्थळे, माणसे आणि भाषा यांत तर कसलेच साम्य नाही. तरीही दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. तो असा की, हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय अर्थाने 'राज्य' होते की नव्हते? होते असे मानले तर उमरीची घटना एका राज्याच्या तिजोरीवर परक्या भूमीच्या आश्रयाने झालेला हल्ला ठरते. नव्हते असे मानले तर ती एका संस्थानी प्रजेने आपल्या राजवटीविरुद्ध केलेल्या लढ्यातील एक कृती ठरते.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, इतिहासाचा नव्हे. तथापि हैदराबाद प्रकरणाचे कागद वाचू लागल्यावर असे दिसून येते की, या वादाचा मोठा भाग संज्ञांवरून झालेला आहे. कोणती संज्ञा वापरावयाची यावर कोणाचा अधिकार मान्य होणार हे अवलंबून होते, आणि दोन्ही पक्षांना याची पूर्ण जाणीव होती. म्हणून आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहासकार आपल्या साऱ्या कारकिर्दीत नेमके काय करतो, हे समजून घेण्यासाठी हैदराबादचे प्रकरण अत्यंत उपयुक्त आहे. तो संज्ञांचे मोल ठरवितो. कोणत्या भाषेत, कोणी, कोणासाठी ती संज्ञा वापरली हे तो तपासतो. हे तपासावयाचे तर त्याला कोठकोठे जावे लागते, याचा विचार पुढे केला आहे.

२

प्रथम ब्रिटिश काळातील संज्ञा पाहू. १९१८ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांस 'ब्रिटिश सरकारचा एकनिष्ठ मित्र' अशा अर्थाचा किताब मिळाला. उर्दूत तो 'यार-ए-वफादार' असा प्रचलित झाला. 'यार' म्हणजे मित्र, दोस्त. इंग्रजी मूळ शब्दाचा अर्थ तहाने बांधलेला सहकारी सत्ताधीश. मैत्री बरोबरीच्यांत होते. तेव्हा या किताबाच्या आधारे निजामाने आपण ब्रिटिशांच्या बरोबरीचे असल्याचा दावा केला, यात नवल नाही. वऱ्हाड परत मिळावा या मागणीच्या निमित्ताने त्याने हा दावा मांडला. त्याला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने उत्तर दिले. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता ही सर्वश्रेष्ठ असून तिच्याशी कोणताही संस्थानिक समान पातळीवरून वाटाघाटी करू शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे किताबात 'मित्र' आणि व्यवहारात 'अंकित', अशी ही दुहेरी भाषा होती.

या श्रेष्ठत्वाला इंग्रजीत 'पॅरामाउंटसी' हे नाव होते. मराठीत त्याला 'सार्वभौम सत्ता' म्हणण्याचा प्रघात पडला. परंतु 'सॉव्हरिन्टी' या वेगळ्या कल्पनेसही आपण 'सार्वभौमत्व' म्हणतो. एकाच शब्दकुळाने दोन भिन्न कल्पना दाखविल्यामुळे मराठी वाचकाचा गोंधळ होतो. पहिल्या कल्पनेत एक सत्ता दुसरीच्या वर असते आणि खालची सत्ता काही बाबतींत तरी शिल्लक राहते. दुसऱ्या कल्पनेत सत्तेवर कोणी नसतेच. हैदराबादच्या वादाचे सूत्र या दोहोंच्या फटीत आहे. वरची सत्ता निघून गेल्यावर खालची सत्ता आपोआप पूर्ण सार्वभौम होते काय?

कॅबिनेट मिशनच्या १२ मे १९४६ च्या निवेदनात सांगितले होते की, सत्तांतरानंतर ब्रिटिश राजसत्ता पॅरामाउंटसी चालविणार नाही आणि ती नव्या सरकारकडे सोपविणारही नाही. १९४७ च्या हिंदी स्वातंत्र्याच्या कायद्यातील सातव्या कलमात मात्र 'पॅरामाउंटसी' हा शब्द न योजता 'सुझरेन्टी' हा युरोपच्या सरंजामी परंपरेतला शब्द योजला आहे; त्यास आपण 'अधीश्वरत्व' म्हणू. हे अधीश्वरत्व व त्यासोबतचे तह संपुष्टात येतात, असे ते कलम सांगते. कशाचा लोप झाला हे कायदा सांगतो. लोपानंतर काय उरले हे तो सांगत नाही. या मौनाचा अर्थ निजामाच्या सल्लागारांनी 'स्वातंत्र्य' असा केला. जून १९४७ मध्येच निजामाने फर्मान काढून ब्रिटिश गेल्यावर आपण स्वतंत्र राजाचा दर्जा धारण करण्यास पात्र राहू, असे जाहीर केले. हैदराबादला राष्ट्रकुलात स्वतंत्र वसाहतीचा दर्जा मिळावा, अशी त्याची इच्छा होती. ती मान्य झाली नाही. जुलै १९४७ मध्ये भारतमंत्री लॉर्ड लिस्टोवेल यांनी उमरावांच्या सभागृहात सांगितले की, कोणत्याही संस्थानास स्वतंत्र आंतरराष्ट्रीय घटक म्हणून मान्यता देण्याचा ब्रिटिश सरकारचा विचार नाही. कायद्याने मोकळी ठेवलेली जागा राजकारणाने अशी बंद केली.

३

हे सारे कागद आज आपणांस सुलभ आहेत, त्याचे श्रेय ज्या प्राध्यापकाकडे जाते त्याची कारकीर्द येथे थोडक्यात पाहणे उचित होईल. निकोलस मॅन्सर्ग यांचा जन्म १९१० मध्ये आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात झाला. शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले. त्यांचे पहिले पुस्तक १९३४ मध्ये निघाले. ते नव्या आयरिश मुक्त राज्याच्या शासनपद्धतीविषयी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते ब्रिटनच्या माहिती मंत्रालयात होते, नंतर वसाहतींच्या खात्यात. १९४७ च्या वसंतात दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली तेव्हा ते निरीक्षक म्हणून उपस्थित होते. त्याच वर्षी त्यांस लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेत राष्ट्रकुल-संबंधांचे प्राध्यापकपद मिळाले. १९५३ पासून १९७० पर्यंत ते केंब्रिजला राष्ट्रकुलाच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. १९९१ मध्ये ते निवर्तले.

या कारकिर्दीतील एक धागा लक्षणीय आहे. आयर्लंडचा प्रश्न 'वसाहतीचा दर्जा' की 'प्रजासत्ताक' या संज्ञांभोवती फिरला होता. १९२२ मध्ये तर त्यातील शपथेच्या शब्दांवरून यादवी युद्ध झाले. ज्याने लहानपणी हे पाहिले त्याला हिंदुस्थानच्या कागदांतील शब्दांचे वजन वेगळे शिकविण्याची गरज नव्हती. १९६७ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी सत्तांतराचे कागद प्रसिद्ध करण्याचा निर्णय जाहीर केला आणि मॅन्सर्ग यांची मुख्य संपादक म्हणून योजना झाली. १९७० ते १९८३ या काळात १२ खंड निघाले. पहिला खंड १९४२ च्या क्रिप्स शिष्टाईने उघडतो. बारावा १५ ऑगस्ट १९४७ या दिवशी संपतो. शेवटच्या खंडाच्या उपशीर्षकात संस्थानिकांचा निर्देश प्रथम आहे, फाळणीचा नंतर. व्हाइसरॉय, निजाम आणि निजामाचे कायदेपंडित सर वॉल्टर मंक्टन यांच्यातील व्यवहार कसा चालला होता, हे त्यावरून दिवसागणिक समजते.

तथापि या महान कार्याच्या मर्यादाही संशोधकाने ओळखल्या पाहिजेत. पहिली मर्यादा कालाची. ज्या दिवशी हैदराबादचा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला त्या दिवशी हे खंड संपतात. दुसरी मर्यादा दफ्तराची. हे कागद ब्रिटिश सरकारचे आहेत. हैदराबादच्या खेड्यात काय चालले आहे हे त्यांत आलेच तर रेसिडेंटच्या पत्रातून, म्हणजे तिसऱ्या हाताने येते. तिसरी मर्यादा भाषेची. सारे कागद इंग्रजीत आहेत, आणि हैदराबादचा कारभार तर उर्दूत चालत होता. उमरीचे नाव शोधण्यासाठी हे बारा खंड चाळणाऱ्या विद्यार्थ्याची निराशा होईल, परंतु तो दोष संपादकाचा नाही. कोणते दफ्तर कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते, हे ओळखणे हाच या शास्त्रातील पहिला धडा होय.

४

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यामध्ये एक वर्षाच्या मुदतीचा 'जैसे थे करार' झाला. नावावरून तो अगदी निरुपद्रवी वाटतो. परराष्ट्रव्यवहार, संरक्षण व दळणवळण यांसह समाईक हिताच्या बाबतींत १५ ऑगस्टपूर्वी ब्रिटिश राजसत्ता व निजाम यांच्यात ज्या व्यवस्था होत्या त्या पुढे चालू राहतील, असे त्यात म्हटले होते. परंतु 'जैसे' म्हणजे कसे? पूर्वीच्या व्यवस्था चालू राहणार असतील तर पूर्वीचा वरिष्ठ-कनिष्ठ संबंधही चालू राहणार, असे एका बाजूस वाटे. दुसऱ्या बाजूने त्याच करारातील तिसऱ्या कलमाकडे बोट दाखविले जाई. या करारामुळे भारतास पॅरामाउंटसीचे अधिकार प्राप्त होत नाहीत, अशी ग्वाही त्यात होती. इतर बहुतेक संस्थानांनी सामीलनाम्यावर सही केली होती. हैदराबादने ती केली नाही. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुनशी हैदराबादला गेले तेव्हा त्यांचा दर्जा राजदूताचा की व्यापारी प्रतिनिधीचा, यावरूनही तंटा झाला. एकाच मजकुरातून दोन्ही बाजूंस आपापला अर्थ काढता यावा अशा रीतीनेच असे मजकूर तयार होतात. तात्पुरता समेट त्यामुळे शक्य होतो आणि पुढील भांडणाचे बीजही त्यातच पडते.

करार झाल्यावर थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारने दोन गोष्टी केल्या. भारतीय रोख्यांच्या रूपाने पाकिस्तानास २० कोटी रुपयांचे कर्ज देण्याचे ठरविले आणि भारतीय चलन राज्यातील व्यवहारास बंद केले. हैदराबादचे स्वतःचे चलन होते. त्यास उस्मानी किंवा हाली शिक्का म्हणत. सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या आणि १९४१ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे १ कोटी ६३ लाख वस्तीच्या या प्रदेशाचे वेगळेपण सामान्य माणसाच्या हातात त्या नाण्याच्या रूपाने पडत असे. राज्यत्वाची चिन्हे म्हणून नाणे, टपाल, सैन्य आणि रेल्वे यांचा निजामाचे वकील हवाला देत, तो यामुळेच.

या पार्श्वभूमीवर उमरीच्या घटनेकडे पाहिले म्हणजे तिचा अर्थ खुलतो. स्टेट काँग्रेसच्या लढ्याची शिबिरे राज्याच्या सरहद्दीबाहेर, म्हणजे भारताच्या भूमीवर होती. तेथून आत येऊन पोलीस ठाणी, करोडगिरीचे नाके आणि सरकारी तिजोऱ्या यांवर हल्ले होत. राज्याच्या आत या काळी रझाकारांचा जुलूम वाढत चालला होता. त्यांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. १९४६ मध्ये बिलोलीनजीक अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांचा खून झाला, तेव्हापासून नांदेड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांस पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना आली होती. अनेक कुटुंबे घरेदारे सोडून वऱ्हाडात व सोलापूरकडे गेली. अशा वेळी बँकेवरील हल्ला हा पैशासाठी होताच, परंतु ज्या संस्थेवर राज्याचे नाव आणि जिच्या तिजोरीत राज्याचे नाणे, त्या संस्थेवर तो होता, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आता संज्ञा पाहा. हैदराबाद सरकारच्या भाषेत अशी घटना 'दरोडा' किंवा 'सरहद्दीवरील हल्ला' ठरे. मराठवाड्याच्या लोकभाषेत ती आजतागायत 'उमरी बँक लूट' आहे, आणि त्या 'लूट' शब्दात निंदा मुळीच नाही. शिवकालीन 'सुरतेची लूट' या प्रयोगाने मराठीत या शब्दास जो मान दिला, तोच येथेही त्यास लाभला आहे. हा शब्द इंग्रजीत नेला की मान गळून पडतो आणि केवळ गुन्हा उरतो. भाषांतरावर विसंबणारा संशोधक येथे फसण्याचा संभव आहे.

५

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेस तार केली. राष्ट्रसंघाच्या सनदेतील ३५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाचा आधार तीत घेतला होता. सदस्य नसलेले 'राज्य' आपण पक्षकार असलेला 'वाद' परिषदेच्या नजरेस आणू शकते, असे ते पोटकलम आहे. म्हणजे तक्रार दाखल करण्याच्या कृतीतच राज्यत्वाचा दावा सामावलेला होता. भारताने उलट बाजू घेतली : हैदराबाद हे राज्य नाही, प्रश्न अंतर्गत आहे, आणि सनदेच्या दुसऱ्या कलमाचे सातवे पोटकलम अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करण्यास मनाई करते. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले. १६ सप्टेंबरला परिषदेने सर अलेक्झांडर कॅडोगन यांच्या अध्यक्षतेखाली हा विषय ८ विरुद्ध ० मतांनी कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. सोव्हिएट रशिया, युक्रेन व चीन तटस्थ राहिले. अधिकारितेचा निर्णय यातून होत नाही, असे अनेक सदस्यांनी स्पष्ट केले. दुसऱ्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेत असल्याची तार केली. मे १९४९ मध्ये पुन्हा चर्चा झाली, पाकिस्तानने आपली बाजू मांडली. पण कोणताही ठराव झाला नाही. म्हणजे 'हैदराबाद राज्य होते काय' या प्रश्नास सुरक्षा परिषदेने शेवटपर्यंत उत्तर दिले नाही.

ते उत्तर देण्याचा प्रयत्न प्राध्यापकांनी केला. अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एकाच नियतकालिकात दोन लेख लागोपाठ आले. १९४९ मध्ये तारकनाथ दास यांनी लिहिले. १९५० मध्ये क्लाइड ईगल्टन यांनी. दास हे बंगालचे क्रांतिकारक. पहिल्या महायुद्धातील कटाच्या खटल्यात त्यांनी अमेरिकेत कारावास भोगला होता, पुढे तेथेच आंतरराष्ट्रीय संबंधांत डॉक्टरेट मिळवून ते अध्यापक झाले. ब्रिटिश काळात हैदराबाद हे सार्वभौम राज्य नव्हतेच, असे त्यांचे प्रतिपादन होते. ईगल्टन हे न्यूयॉर्क विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक. परिषदेपुढील प्रकरणात ते हैदराबादच्या शिष्टमंडळाचे सल्लागार होते. परिषदेने प्रश्नाचा निकाल न लावता तो मागे पडू दिला, ही गोष्ट त्यांस सनदेच्या दृष्टीने चिंताजनक वाटली. दोघांपैकी कोणीही तटस्थ नव्हते. तरीही दोघांचे लेख आज आवश्यक आहेत. कारण लेखकाची बाजू माहीत झाली म्हणजे त्याचा युक्तिवाद निरुपयोगी होत नाही, तो कसा वाचावयाचा एवढेच त्यावरून ठरते.

याच ठिकाणी भारतीय अभ्यासकाची खरी कसोटी लागते. जुलै १९४७ मध्ये डच सैन्याने इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकावर चढाई केली आणि तीस 'पोलीस कारवाई' हे नाव दिले. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे नेदरलंड्सचे म्हणणे होते. त्या वेळी भारत व ऑस्ट्रेलिया यांनीच तो प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला आणि 'अंतर्गत' या सबबीस विरोध केला. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या प्रश्नावरही भारताची भूमिका हीच होती. सव्वा वर्षाने हैदराबादच्या बाबतीत भारताने त्याच पोटकलमाचा आश्रय घेतला, आणि हैदराबादेतील लष्करी मोहीमही 'पोलीस ॲक्शन' या नावानेच प्रसिद्ध झाली. जून १९५० मध्ये कोरियाच्या युद्धासही अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी हेच वर्णन मान्य केले. 'पोलीस' हा शब्द युद्धाचे युद्धपण झाकतो. ज्याच्यावर कारवाई होते तो शत्रू नसून कायदा मोडणारा आहे, असे तो सुचवितो.

दोन्ही प्रकरणे सारखीच होती असा याचा अर्थ नव्हे. इंडोनेशियात परकीय सत्ता लोकांच्या प्रजासत्ताकावर चालून गेली होती. हैदराबादेत बहुसंख्य प्रजा ज्या राजवटीपासून सुटका मागत होती त्या राजवटीवर सैन्य गेले. हा भेद मोठा आहे आणि तो ठामपणे मांडता येतो. परंतु तो प्रजेच्या इच्छेच्या आधारे मांडावा लागतो, 'अंतर्गत' या शब्दाच्या आधारे नव्हे. आपल्या देशाने योजलेला शब्द आणि आपल्या देशाची खरी बाजू या दोन गोष्टी वेगळ्या करता येणे, हे या शास्त्रातील प्रौढत्वाचे लक्षण मानावयास हरकत नाही.

६

१७ सप्टेंबर १९४८ या दिवसास निरनिराळी नावे आहेत. मराठवाड्यात तो 'मुक्तिसंग्राम दिन' आहे. कर्नाटकात २०१९ पासून तो 'कल्याण कर्नाटक उत्सव दिन' म्हणून पाळला जातो. तेलंगणात २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'मुक्ती दिन' व राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' अशा दोन नावांनी एकाच शहरात तो साजरा केला. उर्दूत मात्र त्या प्रसंगास 'सुकूत-ए-हैदराबाद' म्हणतात. सुकूत म्हणजे पडाव, पतन. 'विलीनीकरण' हा शब्दही आपण सैलपणे वापरतो. वस्तुतः निजामाने भारताची राज्यघटना हैदराबादला लागू असल्याचे फर्मान नोव्हेंबर १९४९ मध्ये काढले.

'सुकूत' हा शब्द केवळ दरबारी मंडळींचा नाही, हे पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालावरून कळते. १९४८ च्या अखेरीस या समितीने १६ पैकी ९ जिल्ह्यांत दौरा केला. सैनिकी कारवाईच्या काळात व तिच्या पाठोपाठ झालेल्या हिंसाचारात, अत्यंत सावध अंदाजानेही, २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असे तिने नमूद केले. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड यांची नावे आहेत. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग त्या वेळी उस्मानाबादेत होता. मारले गेलेले प्रामुख्याने मुसलमान होते, आणि त्यांतील पुष्कळांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. शेजारच्या हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांस वाचविल्याची उदाहरणेही अहवालात आहेत. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांस तो अनेक दशके दुर्लभ होता.

नव्या पिढीच्या संशोधकांनी प्रश्नाचे स्वरूपच बदलले ते येथे. लंडनच्या टेलर शर्मन यांचा हैदराबादच्या मुसलमानांविषयीचा ग्रंथ आणि एरिक बेव्हर्ली यांचा हैदराबादच्या 'लहान सार्वभौमत्वा'विषयीचा ग्रंथ, हे दोन्ही २०१५ मध्ये निघाले. त्याच वर्षी सुनील पुरुषोत्तम यांचा १९४८ च्या हिंसाचाराविषयीचा लेख आला. हैदराबाद राज्य होते काय, एवढेच न विचारता, राज्यत्वाविषयीच्या या वादाची किंमत कोणी मोजली, असे ही मंडळी विचारतात. रझाकारांच्या जुलमाने गेलेले आणि सप्टेंबरनंतर गेलेले, दोघेही याच तालुक्यांतले होते. एका यादीने दुसरी यादी पुसली जात नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचण्याचे धैर्य ज्यास आहे, त्यानेच या विषयास हात घालावा.

७

हा सर्व वाद आता जुना झाला, असे कोणी म्हणेल. लंडनच्या न्यायालयाचा अनुभव वेगळा आहे. २० सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे शरणागतीनंतर तीन दिवसांनी, हैदराबाद सरकारच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंडांची रक्कम पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावे वळविण्यात आली. निजामाने ती परत मागितली. १९५७ मध्ये ब्रिटिश उमरावांच्या सभागृहाने पाकिस्तानच्या सार्वभौम दर्जामुळे हा दावा चालू शकत नाही, असा निर्णय दिला. रक्कम बँकेतच पडून राहिली. २०१३ मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा लावून ते संरक्षण गमावले, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायाधीश मार्कस स्मिथ यांनी निजामाचे वारस व भारत यांच्या बाजूने निकाल दिला. रक्कम तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. १९४८ मधील तारा, पत्रे व टिपणे यांतील शब्दांचा अर्थ ७१ वर्षांनी न्यायालयास लावावा लागला. उमरीच्या बँकेतील रक्कम काही तासांत हलली, लंडनच्या बँकेतील सात दशके हलली नाही. पण दोन्ही रकमा कोणाच्या, हा प्रश्न एकाच मुळापाशी येऊन ठेपतो.

८

आता आपल्या विद्यार्थ्याने काय करावे? पॅरिसच्या सभेचे वृत्तांत छापलेले आहेत, मॅन्सर्ग यांचे खंड आहेत, व्ही. पी. मेनन (१९५६), मुनशी (१९५७), निजामाचे शेवटचे पंतप्रधान लायक अली (१९६२) आणि स्वामी रामानंद तीर्थ (१९६७) यांची आत्मकथनपर पुस्तके आहेत. हे सर्व इंग्रजीत आहे आणि जगातील कोणत्याही विद्यापीठात वाचता येते. त्या वाचनात आपला विशेष लाभ काही नाही. आपला लाभ अन्यत्र आहे. हैदराबादच्या जिल्हा कारभाराचे कागद उर्दूत आहेत, आणि पुष्कळसे शिकस्ता वळणात. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांच्या आठवणी मराठीत, सरहद्दीपलीकडच्या तेलुगूत व कन्नडात आहेत. उमरी, धर्माबाद, बिलोली या पट्ट्यात मराठी, उर्दू व तेलुगू या तिन्ही भाषा कानांवर पडून मोठी झालेली मुले आपल्या वर्गांत बसतात. केंब्रिजच्या विद्यार्थ्यास जे वर्षानुवर्षे शिकावे लागते, त्याचा निम्मा भाग त्यांना घरातच मिळालेला असतो. राहिला प्रश्न लिपीचा. उर्दू लिपी सहा महिन्यांत वाचता येते, शिकस्ता वळण आणखी वर्षभरात.

पहिले काम लहान असावे. १९४६ ते १९४९ या काळाविषयी तिन्ही भाषांत कोणत्या संज्ञा वापरल्या गेल्या, त्यांचा एक तुलनात्मक कोश एका तालुक्यापुरता करावा : गावाने सरहद्दीवरच्या शिबिरास काय म्हटले, रझाकारास काय, सैन्याच्या येण्यास काय, आणि शेजारी पळून गेले त्या रात्रीस काय. त्या काळाचे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत. त्यांची मुले मात्र आहेत आणि घरात वापरला जाणारा शब्द पुढच्या पिढीतही टिकतो. हे संकलन हाती असले म्हणजे सुरक्षा परिषदेच्या वृत्तांतातील 'वाद' आणि 'अंतर्गत' हे शब्द वेगळ्या प्रकाशात वाचता येतील. मॅन्सर्ग यांनी लंडनच्या दफ्तरासाठी अनेक वर्षे वेचली. आपल्या तालुक्यासाठी दोन वर्षे देणे एखाद्या विद्यार्थ्यास जड वाटू नये.